अप्पांचा उजवा हात

एक माणूस खोलीत बसून दिवसभर लिहितो, तिथं किस्से कसले घडणार, असं मला वाटायचं. त्या खोलीत दोन वर्षं काढली, आणि आता सांगायला बसलं की कुठला आधी सांगू असं होतं.

शिरवण्याचे अप्पा मिठागरातल्या लोकांच्या शब्दांचा कोश करत होते. मी नुकती बी. ए. झालेली, एकेक शब्द आणि त्याचा अर्थ लिहिलेल्या त्यांच्या चिठ्ठ्या वहीत उतरवायला होते. गावानं ठरवलं, अप्पांचं चित्र वाचनालयात लावायचं. ते काढायला आला नामादादा. होड्यांवर नावं रंगवणारा. त्याला वाचता येत नसे. अक्षर समोर ठेवलं की जसंच्या तसं काढायचा.

पहिल्या दिवशी अप्पा दाढी करून, कोट घालून बसले. नामादादा म्हणाला, "गुरुजी, तुमी मागाहून. आधी सामान." टेबल, कपाट, पुस्तकं, सगळं आधी. अप्पा कोट काढत मला म्हणाले, "आपण शेवटचं सामान."

सामान हलवायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद. अप्पांना एक लाल ग्रंथ हवाच होता, तेव्हा त्यानं त्या जागी लाल फडक्यात वीट बांधून ठेवली. मुंबईहून आलेल्या एका प्राध्यापकांनी ती कौतुकानं ओढली, हातात तोलली आणि म्हणाले, "विषय जड दिसतोय."

पुढं चेहरा आला. अप्पांच्या पत्नी, काकू, चित्र पाहून म्हणाल्या, "नामा, यांना एवढे केस कुठायत रे?"

"काकू, जुन्या होडीला बी आमी नवाच रंग देतो."

शेवटी हात झाला, उजवा, टेबलावरच्या एका चिठ्ठीवर टेकलेला. दुसऱ्या दिवशी नामादादा मला म्हणाला, "बाय, आता उचल." महिनाभर तिथंच पडलेली ती चिठ्ठी मी वहीत उतरवायला घेतली. तेवढ्यात तो शिंकला. मी दचकले आणि दौत चिठ्ठीवर आडवी झाली.

अक्षर उरलं नाही. तो शब्द आणि त्याचा अर्थ सांगणारी मिठागरातली म्हातारी मावशी पंधरवड्यापूर्वीच वारली होती. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं, आणि छापखान्याचा माणूस उद्या यायचा होता. मला रडूही येईना.

अप्पा उठून चित्रापाशी गेले. चित्रातल्या चिठ्ठीवर शब्द स्वच्छ दिसत होता. अर्थावर त्यांचाच हात.

"हाताखाली बी लिवलंय, गुरुजी," नामादादा म्हणाला. "ते म्हैनाभर सुकलंय. हात कालचा, वला हाय."

"मग पूस."

"अहो, उजवा हात आहे," काकू म्हणाल्या.

"अर्थ मावशीचा आहे. पूस."

नामादादानं टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली. एकेक बोट जात गेलं, तसतशी मी अक्षरं उतरवत गेले. अंगठ्याखाली पूर्णविराम निघाला.

अप्पांनी पुन्हा बसायला साफ नकार दिला. चित्र तसंच वाचनालयात लागलं. अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि विचारलं, "नामा, यांचा उजवा हात कुठाय?"

नामादादा म्हणाला, "छापखान्यात गेलाय."