आगु म्हणजे थांब

आदिलाबादच्या आमच्या पॉलिटेक्निकात नागनाथ लॅब अटेंडर होता. मूळचा वांकिडीकडचा. हसणं नाही, चिडणं नाही. काही सांगितलं की "हो जी" म्हणायचा आणि कामाला लागायचा. मला त्याचा रागच यायचा. माणूस आहे की खांब!

मग त्याची हकीगत कळली. तरुणपणी तो आणि थोरला भाऊ चंपत कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. नागनाथ गाठी दाबायच्या प्रेसवर. एकदा चंपतचा हात आत अडकला आणि तेलुगू फोरमन ओरडला, "आगु! आगु!" तेलुगूत आगु म्हणजे थांब. नागनाथला बाजारातली हिंदी तेवढी यायची, आणि तिच्यात आगू म्हणजे पुढं. त्यानं प्रेसचा दांडा पुढं ढकलला. चंपतचा उजवा हात मनगटापासून गेला. त्यानंतर नागनाथ भावाच्या घरची पायरी चढला नाही.

दोन हजार पाचच्या सुमारास आमच्याकडे मेकॅट्रॉनिक्स आलं. नाव अगडबंब, गोष्ट साधी: लोखंडाच्या यंत्राला विजेचे डोळे आणि डोकं जोडायचं. पहिल्या धड्यासाठी मी टेबलावर छोटी प्रेस बसवली. प्रेसच्या वीतभर पुढे प्रकाशाची एक तिरीप खाली येते; ती हातावर अडली की सेन्सरला कळतं, मोटर थांबते. ओरडायची गरजच नाही. नागनाथनं सगळ्या वायरी जोडल्या, पण बटण कधी दाबलं नाही.

एका दुपारी चंपत लॅबमध्ये आला. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"येशीन ना, नाग्या?"

"हो जी," नागनाथ म्हणाला. सख्ख्या भावाला! तो जाणार नाही, हे मलाही कळलं आणि चंपतलाही.

चंपतनं प्रेसकडे बोट केलं. मी समजावून सांगितलं. त्यानं सरळ आपला डावा, उरलेला हात खाली ठेवला.

"दाब बटन."

"नाई, दादा."

"दाब म्हन्तो ना!"

नागनाथचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. प्रेस मी कितीदा तपासली होती, तरी माझा हात मेन स्विचकडे गेला. शेवटी चंपतनंच थोट्या हातानं बटण दाबलं. प्रेस सर्रकन खाली आली आणि त्याच्या बोटांच्या वीतभर वर थांबली.

"थांबली, पाह्य. आता तरी ये."

नागनाथ प्रेसकडे बघूनच म्हणाला, "मले काहीच वाटत नाई, दादा. तवापासून. लग्नात येऊन काय करू?"

"जेव," चंपत म्हणाला.