पाठीला लावलेली पेन्सिल

थांब गं, फोन ठेवू नकोस. पहिला प्रश्न काय विचारलास, तर ‘काकू, त्याच्या हातात खरंच कोयता होता का?’ शोभतं का तुला? लहानपणी आमच्या शेजारी त्याच्या आईच्या हातचे घावणे खाल्लेस ना? आता नीट ऐक.

आरेच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळीने तो गेला, हे पेपरात आलंच होतं. कोयता घेऊन अंगावर धावून आला, असं पोलिसांचं म्हणणं. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला तो सगळा इंग्रजीत. केसच्या वकीलबाई मला आणि त्याच्या आईला गोरेगावला एका रिटायर डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी आयुष्यभर पोस्टमॉर्टेमचंच काम केलेलं.

डॉक्टरांना समजावून सांगायला कोणीतरी उभं हवं होतं. आईला कसं उभं करणार? म्हणाले, “आजी, तुम्ही या. ताठ उभ्या राहा.”

“ताठ व्हायला गुडघे कुठून आणू?” म्हटलं, पण राहिले उभी.

कमरेच्या जरा वर, पाठीला त्यांनी पेन्सिल खालून वर तिरपी धरून टोक लावलं. “इथली जखम गोल, कडेला खरचटलेली. म्हणजे गोळी इथून शिरली.” मग माझ्याच गळ्याखालच्या हाडाकडे बोट केलं. “इथे कड फाटलेली, खरचटलेलं नाही. इथून बाहेर पडली.”

“खालून वर? पोलीस काय जमिनीवर झोपले होते?”

“वाका,” ते म्हणाले. मी वाकले, तशी पेन्सिल सरळ आडवी झाली.

“पळत होता,” वकीलबाई लगेच म्हणाल्या. “पाठीत गोळी! आपली बाजू भक्कम झाली.”

आणि आमची ही, त्याची आई, ताडकन उठली. “माझो झील पळालो, असा कोर्टात सांगूचा नाय! चोर पळतत. मी सही करूचंय नाय.”

डॉक्टर म्हणाले, “चप्पल उचलतानाही माणूस वाकतो.”

“मग ताच लिवा! चप्पल उचली होतो.”

“ते मी म्हणणार नाही, ताई. पळत होता असंही नाही म्हणणार. अंग पुढे वाकलेलं होतं आणि पाठ बंदुकीकडे होती, एवढंच जखमा सांगतात. वाकला का, ते त्यांना माहीत नाही.”

वकीलबाईंचा चेहरा पडला. तिच्या सहीशिवाय पोलिसांविरुद्धचा अर्ज कोर्टात जाणार नव्हता. मी अजून तशीच वाकलेली, कंबर धरून. तिथूनच म्हटलं, “अगो बाय, पळालो असलो तरी काय झाला? जगूक बघी होतो ना तो?”

ती खुर्चीत बसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मग वकीलबाईंना म्हणाली, “पाठ होती, एवढाच लिवा. पुढचा काय ता पोलिसांका विचारा.” आणि सही केली.

आता दिंडोशीच्या कोर्टात डॉक्टरांची साक्ष व्हायची आहे. पण आमच्या मजल्यावरची दारं, ती जिन्यात दिसली की बंद होतात. पोलिसांची केस ना, लोक घाबरतात. तुझी मात्र ती सारखी आठवण काढते. तेव्हा फोन पुरे झाले. साक्षीच्या आधी ये एकदा बोरीवलीला, आणि आधी तिच्या दाराची बेल वाजव. माझ्याकडे चहाला मागून आलीस तरी चालेल.