खोकणारं इंजिन

सीटवाले मुळात कमी बोलणारे. गाड्यांच्या सीटा शिवण्याचा धंदा, आणि रेक्झिन ताणून धरायला दोन हात पुरत नाहीत म्हणून दोऱ्याचं टोक कायम दातांत. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तर दोनांपैकी एक, ‘होईल’ नाहीतर ‘बघू’. ‘बघू’ म्हणजे होणार नाही, हे गिऱ्हाइकांनी आपलं आपणच समजून घ्यायचं.

मुलगा मात्र आईवर गेलेला, बडबड्या. त्याची मोटरसायकल त्याच्याहून बडबडी. जुनी घेतलेली ती गाडी सरळ रस्त्यावर ठीक चाले, पण कोपऱ्यावर वळताना वेग कमी केला की दोनदा ठसका लागल्यासारखी खोकायची आणि मग एक लांब घरघर काढायची. संध्याकाळी तो खोकला ऐकू आला की आई गॅस बारीक करून उठे, फाटकाची कडी काढे आणि पोळी तव्यावर टाकायला परत आत जाई. तिला घड्याळ लागत नसे.

या खोकल्यावर मात्र सीटवाल्यांना वाचा फुटे.

“अरे, दाखव कुणाला तरी ती गाडी. अख्खी गल्ली हसते.”

“हसू देत की बाबा. आईला कळतं ना मी आलो ते? मग झालं तर!”

एका संध्याकाळी चौकात ट्रकने त्या गाडीचं पुढचं चाक चेपून टाकलं. इंजिनाला ओरखडासुद्धा आला नाही, आणि मुलगा जागच्या जागी गेला. कसलं इंजिन आणि कसलं काय! पण नशीब असल्याच गोष्टी शाबूत ठेवतं.

पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा भंगारवाला दारात आला. आईने त्याला असं काही हाकललं की तो पुन्हा त्या गल्लीकडे फिरकला नाही. गाडी आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. आई गुडघ्यांचं निमित्त करून घराबाहेर पडेनाशी झाली. आणि संध्याकाळ झाली की फाटकाची कडी काढून ठेवू लागली. कुत्री आत शिरायची, कुंड्या उलथवायची, ती निमूट माती गोळा करायची. सीटवाले उलथलेल्या कुंड्या पुन्हा उभ्या करायचे.

अशी दोन वर्षं गेली. एका सुट्टीच्या दुपारी आवार झाडता झाडता त्यांनी ताडपत्री उचलली. मनात काय आलं कोण जाणे, टाकीत थोडं पेट्रोल ओतलं आणि किक मारत राहिले. पायात गोळे आले तेव्हा कुठे इंजिन पेटलं. दोनदा खोकलं आणि घरघरलं.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. बायको पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, गुडघे वगैरे काही तिच्या लक्षात नव्हतं. तिने तरातरा जाऊन फाटक उघडलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि मग वळून नवऱ्याकडे पाहिलं. सीटवाल्यांनी घाईघाईने इंजिन बंद केलं. आता वादळ येणार असं त्यांना वाटलं.

“बंद का केलंत? राहू द्या थोडा वेळ,” ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा किक मारली. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत दोघं पायरीवर बसून ऐकत राहिली.

“अहो, ही परत रस्त्यावर आणता येईल का? एकदाच. कोपऱ्यावरून येताना ऐकायचंय मला.”

सीटवाले म्हणाले, “होईल.”

आता झाली का पंचाईत! सीटवाल्यांना फोम कळतो, शिलाई कळते. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सरळ करणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ते गेले वेल्डरकडे. वेल्डरच्या आवारात दर रविवारी तिघांचा अड्डा जमे. एक स्वतः वेल्डर, पहाडासारखा माणूस आणि तोंडाने फटकळ. दुसरे दातांचे डॉक्टर, ज्यांना दातांपेक्षा कार्बोरेटर प्रिय. तिसरे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, ज्यांना खडू आणि फरशी दिसली की आकृती काढल्याशिवाय राहवत नसे. तिघांनी मिळून मिक्सरच्या मोटरवर चालणारी गवत कापायची गाडी केली होती, तिने गवत सोडून बाकी सगळं कापलं होतं. तिघांच्याही बायकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

गाडी पाहिल्यावर वेल्डरने मान हलवली. “पुढचं गेलंच आहे. आणि वहिनींचे गुडघे म्हणता, मग दोन चाकांवर बसतील कशा? मागे दोन चाकं टाकू. मालवाहू टेम्पोचा जुना आस पडलाय माझ्याकडे. तीनचाकी करू, पडायची भानगडच नको.”

मास्तरांचा खडू तोवर फरशीवर फिरायलासुद्धा लागला होता.

“होईल ना?” सीटवाल्यांनी विचारलं. “फक्त इंजिनाला हात लावू नका.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं. पण ‘आवाज’ म्हटलं की रडूच फुटेल असं वाटे, आणि चारचौघांत रडायची त्यांना सवय नव्हती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि समजायचं ते समजले. माणूस संकोची आहे, आपल्याला जास्त त्रास नको म्हणून म्हणतोय.

गाडी हळूहळू उभी राहू लागली. पहिल्यांदा चेन तिरकी बसली, मग ब्रेक एकाच चाकाला लागायला लागला आणि गाडी गोल फिरून वेल्डरच्या पाण्याच्या पिंपावर आदळली. मास्तर म्हणाले, गणितात चूक नाही, पिंप चुकीच्या जागी आहे. त्या दिवशी सीटवाले दोन वर्षांत पहिल्यांदा हसले, आणि घरी येऊन बायकोला सगळं नीट सांगितलं. एवढी वाक्यं त्यांच्या तोंडून एका दमात तिने लग्नानंतर ऐकली नव्हती. तीही हसली. मग दर रविवारी ती दारातच विचारू लागली, “कुठवर आली?” मंडळींसाठी डबा देऊ लागली. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकटी जाऊन येऊ लागली.

मागची सीट सीटवाल्यांनी स्वतः शिवली. बायकोच्या पाठीचं, मांडीचं माप घेतलं, फोमचे तीन थर दिले, कडेला दुहेरी शिलाई घातली. असं काम त्यांनी कुणा मोटरवाल्यालाही करून दिलं नव्हतं. मग नेमकं एका शाळेच्या बसच्या सगळ्या सीटांचं काम आलं आणि दोन रविवार त्यांना वेल्डरकडे जाता आलं नाही.

मग ‘गाडी तयार आहे, रविवारी न्यायला या’ असा वेल्डरचा निरोप आला. तिसऱ्या रविवारी ते गेले तर तिघंही आंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून उभे. तीनचाकी निळ्या रंगात चकाकत होती.

“डोळे मिटा,” वेल्डर म्हणाला आणि त्याने किक मारली.

पहिल्याच किकेला इंजिन पेटलं. एकसारखं, मऊ, गुळगुळीत चालू लागलं. वेल्डरने वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. इंजिन कुठे म्हणून अडखळलं नाही.

डॉक्टरांना राहवेना. “तुम्ही नको म्हणाला होतात, पण आम्ही ऐकतोय होय! दातांच्या सुयांनी कार्बोरेटरचं एकेक भोक साफ केलंय. पेट्रोल सोडणारा जेट झिजला होता, तो बदलला. सायलेन्सर सडला होता, हा नवा कोरा टाकला. तुमच्या पोराची गाडी आहे. ती खोकत गेलेली आम्हाला चालणार नाही.”

सीटवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर सगळं बाहेर आलं असतं. तिघं वाट बघत होते, लहान मुलं बघतात तशी.

“छान,” ते म्हणाले. मग विचारलं, “जुना सायलेन्सर कुठेय? आणि तो जेट?”

“ते होय? भंगारात गेलं परवा. का हो, काय करायचं होतं?”

“काही नाही. असंच.”

यात दोष कुणाला द्यायचा? त्या तिघांना? त्यांनी जीव ओतला होता. सीटवाल्यांनी एक वाक्य वेळेवर बोलायला हवं होतं, एवढंच. पण जन्मभर तोंडात दोरा धरलेल्या माणसाला ते एक वाक्य किती जड गेलं असेल, हे बाहेरून बोलणाऱ्याने काय सांगावं?

ते गाडीवर बसले. तिघं आपापल्या स्कूटरवर मागून निघाले, वेल्डर तर शीळ घालत होता. निघताना सकाळी बायको म्हणाली होती, “आज मी फाटकाची कडी लावून ठेवते. आवाज आला की उघडते. तुम्ही नुसते या.” रस्ताभर सीटवाल्यांच्या डोक्यात तेच. म्हटलं, मुरलेला खोकला असा औषधाने जातो थोडाच? कोपऱ्यावर येईल. ते वेड्यासारखे इंजिनाची विनवणी करत होते. खोक रे बाबा, एकदा खोक.

कोपरा आला. त्यांनी मुलासारखाच वेग एकदम कमी केला. इंजिन मऊपणे हळू झालं आणि मऊपणे वळलं.

फाटक बंद होतं. कडी लावलेली होती. ते फाटकासमोर थांबले, इंजिन चालू ठेवलं. आतून पोळ्या भाजल्याचा वास येत होता. कुणी आलं नाही. शेवटी मागून वेल्डरनेच जोरात हॉर्न मारला.

बायको पदराला हात पुसत दारात आली. “कोण?” तिने विचारलं.

मग तिला निळी गाडी दिसली. नवरा दिसला. मागची तीन हसरी तोंडं दिसली. तिने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि तिला न सांगता सगळं कळलं. तिने पुढे होऊन कडी काढली.

“अगबाई, केवढी सुरेख केलीत हो!” ती म्हणाली. तिने तिघांना बसवून पोटभर जेवू घातलं. नव्या सीटवर बसून दाखवलं, सीट मापात आहे म्हणाली. आवाज अगदी छान आहे, असंही म्हणाली. तिघं खूश होऊन गेले. जाताना डॉक्टर म्हणाले, आता पाच वर्षं तरी या इंजिनाकडे बघायला नको.

संध्याकाळी सीटवाले पायरीवर बसले होते. बायको रोजच्या वेळेला फाटकाशी गेली. तिने कडी काढली नाही. होती ती नीट खाली दाबून बसवली, शिवाय हाताने ओढून पाहिली, आणि परत वळली.

“अगं, कडी...” ते म्हणाले.

“असू द्या,” ती म्हणाली. “आपण दोघं आतच आहोत.”