बहिरूचं विमान

बहिरू माझा धाकटा दीर. निफाडात फटफट्या दुरुस्त करायचा, हात चांगला होता, पण डोक्यात विमानाचं खूळ शिरलं. द्राक्षबागेचे लोखंडी अँगल कापून त्यानं सांगाडा जोडला, पंखांवर ताडपत्री ताणली.

अठ्ठ्याण्णव साली बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला. त्याच सकाळी औषध मारायला पाहिजे होतं. आमचे मालक ट्रॅक्टर घेऊन गेले, तर फवारणीच्या ब्लोअरचा पंखाच गायब! तो विमानाच्या तोंडाला बसवलेला. पातीसुद्धा तासून हलकी केलेली. नवा पंखा येईस्तोवर डाऊनी रोगानं सगळे घड जळाले. विमान मेलं जागचं हललंही नाय.

मालकांनी ते विमान बागेच्या कडेला खांबांवर चढवलं आणि भावाच्या हातात पत्र्याचा डबा दिला. "बस त्याच्यात. पाखरं हाक."

तेव्हापासून दर हंगामात तो तिथंच बसतो. पण पाखरू विमानाच्या पंखावर बसलं की डबा वाजवत नाय. ते कसं उडतं, ते टक लावून बघत राहतो. उडून ते आमच्याच बागेत शिरतं.

टोचलेला घड सापडला की त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढत नाय. हल्ली तो रोजच उपाशी झोपतो.