अक्कांचं पथ्य

घाबरण्याच्या बाबतीत आमच्या घरमालकीणबाईंचा, अक्कांचा, हात धरणारं माणूस अख्ख्या बंगळूरात सापडलं नसतं. बाकी कशालाही त्या भीत नसत. आवारात साप निघाला तर त्याला कानडीतून दटावून कुंपणाबाहेर काढीत, आणि तोही मुकाट्याने जाई. भीती फक्त एका गोष्टीची. त्यांची नणंद हुबळीला कर्करोगाने गेली. इस्पितळात गेली ती परत आलीच नाही, आणि तेव्हापासून तो रोग आता आपल्या घराकडे यायला निघाला आहे अशी अक्कांची खात्री झाली होती. त्याचं नाव मात्र त्या घेत नसत. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचंही नाव कधी घेतलं नव्हतं. रोगाला त्या नुसतं 'ते' म्हणत. "ते स्वैपाकघरातनंच येतंय," हे त्यांचं ठाम मत होतं.

लग्न होऊन मी पुण्याहून राजाजीनगरात त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले, ते साल छप्पन किंवा सत्तावन्न असेल. पहिल्याच दिवशी अक्का माझ्या स्वैपाकघरात शिरल्या, माहेरून आणलेली ॲल्युमिनियमची पातेली एकेक करून उचलली आणि आवारात नेऊन पालथी घातली. "ह्यात शिजवलेलं पोटात गेलं की ते धरतंय. पितळेची घे, कल्हई लावून घे. पुण्यात एवढंही सांगत नाहीत काय?" त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे पुण्याच्या मराठीला आणि पुण्याच्या अकलेला त्या फारसा मान देत नसत. पातेली मी दुसऱ्या दिवशी लपवून आत आणली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आवारात होती.

वनस्पती तूप तर त्यांच्या दृष्टीने विषच. लग्नकार्याला जाताना त्या पदराखाली घरच्या तुपाची लोटी नेत आणि लग्नघरच्या मंडळींच्या डोळ्यांदेखत आपल्या भातावर ओतून घेत. एकदा तळणीला वापरलेलं तेल पुन्हा तापवलं, तर त्यांना ते तिसऱ्या घरातून कळे. आणि बसून राहणाऱ्या बाईला 'ते' लवकर गाठतं असं त्यांना दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितल्यापासून त्या रोज सकाळी फिरायला निघू लागल्या. अंगावर नऊवारी, पायांत गेलेल्या यजमानांचे कॅनव्हासचे बूट आणि बुटांच्या टोकांत कोंबलेलं वर्तमानपत्र. वय साठीच्या पुढचं, पण चाल अशी की मी मागून धावत असे. राजाजीनगरात तेव्हा निम्मी घरं जोत्यापर्यंतच आली होती. त्यांतल्या ठरावीक जोत्यांशी थांबून अक्का पचकन थुंकत, कारण चालताना त्यांच्या डाव्या गालात विडा असे. पान, सुपारी, चुना आणि बोटभर तंबाखूचं पान. यजमान होते तोवर दुपारच्या जेवणानंतर ते स्वतः दोन विडे करीत, एक आपल्याला, एक अक्कांना. ते गेल्यावर अक्का एकट्यानेच करू लागल्या आणि संख्या वाढत गेली. एकदा मी भीत भीत विचारलं, "अक्का, एवढं पथ्य करता, मग तंबाखूचं काय?"

"अय्यो, ते काय खाणं आहे? मी गिळते कुठं ग? थुंकते की!"

रात्री जेवताना मी त्यांची नक्कल करून दाखवली आणि आम्ही नवराबायको पोट धरधरून हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोनेक वर्षांनी, संक्रांतीनंतर, अक्कांचं पथ्य एकाएकी कडक झालं. आधी मिरचीचं लोणचं बंद झालं. मग चिंचेचं सारू. मग कॉफी. म्हणजे कॉफी होती, पण निवून पाणी झालेली. प्रत्येकाला कारण तयार होतं. तिखटाने 'ते' जागं होतं, आंबटाने चेव येतो, उष्णाने फोफावतं. शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत, मीही हसे. पुढे भाकरी गेली, मऊ भात आला. फिरणं मात्र चालू होतं, नि विडाही चालूच होता, फक्त तो आता उजव्या गालात असे. हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात मात्र शिरत नव्हतं.

एके दुपारी मी कोडबळी, म्हणजे आपली तिखट कडबोळी, तळली, ताज्या तेलात, आणि कौतुकाने त्यांना नेऊन दिली. माझं मन मोडू नये म्हणून अक्कांनी एक तुकडा तोंडात टाकला. दुसऱ्याच क्षणी त्यांनी डावा गाल तळहाताने दाबून धरला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ही सापाला दटावणारी बाई. लोणचं, सारू, गरम कॉफी, भाकरी. जे जे सोडलं होतं ते सगळं तोंडात झोंबणारं नाहीतर टोचणारं होतं. ते पथ्य नव्हतंच.

"अक्का, तोंड उघडा."

"काही नाही ग. बारीक आहे. मी रोज बोट लावून बघते."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नको. सांगितलं की इस्पितळात नेतात. ती गेली ती आलीच नाही की."

त्यांना इस्पितळात न्यायला मला चार दिवस लागले. मी रडले, भांडले, शेवटी पातेली पुन्हा आत आणते अशी धमकी दिली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कानडीच होत्या. अक्कांनी आधी त्यांचीच उलटतपासणी घेतली, घरी कसली भांडी वापरता म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "भांड्यांचं राहू द्या, अम्मा. तंबाखू किती वेळ गालात ठेवता?"

"जागेपणी तेवढी," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हळूच, "आणि झोपेत स्वल्प."

गालाचा कण काढून तपासायला पाठवला. त्याचं उत्तर यायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मला एक घास गोड लागला नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी दारात धावे. अक्का मात्र विड्याचा डबा समोर ठेवून नुसत्या बसून राहत. उघडत नसत. "ह्यांच्या हातचा असायचा ग विडा," एवढंच एकदा म्हणाल्या. उत्तर आलं. 'ते'च होतं, पण फार पसरलं नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली, किरणांचे शेक झाले, गाल आत ओढला गेला, बोलणं बोबडं झालं. पण अक्का घरी परत आल्या! नणंद आली नव्हती, त्या आल्या. आणि पुढची पाच वर्षं त्यांनी राजाजीनगरातल्या म्हाताऱ्यांना सळो की पळो करून सोडलं. समोर विडा खाणारी बाई दिसली की तिला उजेडात ओढून नेत, "आ कर" म्हणत आणि तिच्या तोंडात डोकावत. तिने तंबाखू गिळत नाही म्हटलं की आपला गाल दाखवीत. लग्नकार्याला त्यांना बोलवावं की नाही याची चर्चा होऊ लागली. पण तिसऱ्या गल्लीतल्या एका आजींच्या तोंडातला पांढरा चट्टा त्यांनी वेळेवर हेरला, त्या आजी बचावल्या, आणि मग चर्चा थांबली.

स्वतःच्या तोंडात त्यांना नीट दिसत नसे. ते काम माझं होतं. दर महिन्याला मागच्या दारात, सकाळच्या उन्हात, त्या पायरीवर बसत आणि मी वाकून बघे. "काही नाही, अक्का," असं मी साठ वेळा तरी म्हटलं असेल. एका सकाळी मला जुन्या जागेशेजारी पांढरा चट्टा दिसला. काही नाही म्हणावं असं फार वाटलं. नुसता एक महिना त्यांना सुखाचा मिळाला असता. पण इतक्या बायकांना आ करायला लावणाऱ्या बाईशी खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"आहे, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी तोंड मिटलं. माझे डोळे आपल्या पदराने पुसले.

"सरी, बरं तर," त्या म्हणाल्या. "थांब, लुगडं बदलून येते. आत्ताच जाऊ."