पेवाला आगीचा विमा

सिद्धव्वाची कोणी थट्टा केली की मला आजही राग येतो. कारण तिला हसणाऱ्यांत माझे वडीलही होते.

मांजरेच्या काठावरचं आमचं गाव तेव्हा निजामाच्या अमलात होतं. नवरा अर्धांगानं खाटेला खिळलेला, म्हणून ही बाई एकटीच ज्वारीचा व्यापार करायची. आवार किशनरावांचं, भाड्याचं. तिथं जमिनीखाली खोल पेव होतं. त्यात तिची ज्वारी असायची आणि अकरा घरांनी वर्षभराच्या खाण्यासाठी तिच्या विश्वासावर ठेवलेलीही. आमची चार पोती त्यातच.

एका उन्हाळ्यात गुलबर्ग्याहून अमृतप्पा नावाचा विमा एजंट आला. नुकत्याच गावात कडब्याच्या गंजी जळाल्या होत्या, त्यामुळे पारावर जो तो आगीचा विमा मागायला लागला. सिद्धव्वानं मात्र धाकट्या भावाला विचारावं तसं त्याला विचारलं, “तम्मा, माझं धान्य मातीखाली हाय. तिथं आग कामून लागंल? पाण्याचा कागद हाय का तुझ्यापाशी?”

“हाय की अक्का. येगळा लिवावा लागतो.”

इथं आमच्या शहाण्या मंडळींच्या अंगात आलं. किशनराव गरजले, “भादव्यात मांजरामायची ओटी भरायची अन् तिच्यावरच इमा काढायचा? आई लेकरांला बुडवील असं लिवून द्यायचं? माझ्या आवारात असलं अशुभ चालायचं न्हाई! घ्यायचा तर समद्यांवानी आगीचा घे!”

माझे वडील म्हणाले, “सिद्धव्वा, नदीला नोटीसच पाठीव की!” सगळे खिदळले.

अमृतप्पाला काय, आगीचा तर आगीचा. त्यानं पेवातल्या ज्वारीला आगीचा विमा लिहिला. भाडेकरूनं मालकाशी भांडायचं तरी कुठवर, म्हणून तिनं अंगठा उठवला. जमिनीखालच्या धान्याला आगीचा विमा! अक्कल गहाण टाकली होती सगळ्यांनी.

भादव्यात ओटी भरून चार दिवस झाले नाहीत तोच नदी वेशीच्या आत शिरली आणि तीन दिवस मुक्काम ठोकून बसली. पाणी ओसरल्यावर पेवाचा दगड काढला तर आंबलेला भपकारा आला. ज्वारीला मोड येऊन तिचा चिखल झाला होता. अकरा घरांतल्या बायका पेवाच्या काठावर उभ्या होत्या.

किशनराव म्हणाले, “मायची मर्जी.”

“मायला कामून मधी घालायलाव?” सिद्धव्वा कडाडली. “तिची ओटी म्या भरली. कागद तुमी अडवला!”

त्या साली आई अंबाडीच्या पाल्यात मूठभर कण्या टाकून आमच्यापुढे ठेवायची. वडील ताटातून मान वर करत नसत.

दिवाळीनंतर अमृतप्पा पुढच्या हप्त्यासाठी आला. आग लागलेली नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्नच येत नाही, हे त्यानं फार गोड आवाजात सांगितलं. सिद्धव्वानं त्याचा हात धरून त्याला पेवापाशी नेलं. कुजकी ज्वारी ओंजळभर त्याच्यासमोर टाकली आणि काडेपेटी हातात दिली.

“पेटीव.”

त्यानं काडेपेटी परत तिच्यापुढे धरली.

“पेटीव की, तम्मा! आग लागंल म्हणून तूच लिवलास न्हवं?”

तो पिशवी उचलून चालता झाला. पण निर्लज्जच तो, उन्हाळ्यात पुन्हा आला.

त्या दिवशी सिद्धव्वानं सकाळीच नदीची ओटी भरली आणि तशीच ओल्या पदरानं पारावर आली. पाण्याचा कागद तिनं अमृतप्पाकडून मोठ्यानं वाचून घेतला. पुराचं कलम आलं तिथं त्याला थांबवलं. “फिरून वाच.” तीनदा वाचायला लावलं. आवारमालक म्हणून किशनरावांची सही हवी होती. तिनं टाक त्यांच्यापुढे धरला.

“मालक, माय रागावली तर माझं नाव सांगा. पर सही करा.”

त्यांनी केली. त्यांच्या मागे आपल्या घरासाठीही पाण्याचा कागद लिहून घ्यायला माझे वडील उभे होते, आणि या वेळी कोणी हसत नव्हतं.