पहिल्या मापाला लाभ
एकोणीसशे पंच्याण्णव साल, माझं वय तेव्हा बावन्न. सरकीचा वास आला की धरणगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातला तो दिवस आठवतो. शेठनी वजनकाट्यावर कॉम्प्युटर आणला होता, पण तो कापडाखाली झाकलेलाच असायचा, कारण कापसाचं माप मी पुकारायचो आणि मला तो नको होता. जळगावहून कॉम्प्युटर कंपनीची मुलगी तो शिकवायला आली. मी म्हटलं, "हाऊ डबा माले काय शिकाडी?" ती म्हणाली, "आबा, उद्या यावर काम चाललं नाही तर शेठ मशीन परत धाडणार आणि माझी नोकरी जाणार. तुमचं अडतंय कुठे तेवढं सांगा." मग सांगितलं. पहिल्या मापाला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, माझ्या बापानं तसंच शिकवलंय, आणि हा डबा 'एक' लिहितो. ती हसली नाही. कापसाची धूळ नाकातोंडात जात होती, तरी ओढणी तोंडाला लावून संध्याकाळपर्यंत बटणं दाबत राहिली. मग मला हाक मारली. डब्याच्या काचेवर हिरव्या मराठी अक्षरांत होतं, लाभ, दोन, तीन. बापाचा शब्द त्या काचेत शिरला कसा, ते मला आजही उमगलेलं नाही. मी ताठ मानेनं घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाची पहिली गाडी यायच्या आत आंघोळ करून काट्यावर गेलो, चपला बाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरपुढे बसलेल्या, हिशेब लिहिणाऱ्या मुनिमाला म्हटलं, "उठा, ती खुर्ची माझी शे."